अग्निवीर म्हणून भरती होऊन थेट विमानाच्या क्रूमध्ये जाता येतं का?

विचारणारा बडोद्याचाच आहे. बारावी सायन्स झालाय, चष्मा नाही, पायलट व्हायची हौस नाही, पण नोकरी विमानात बसूनच करायची आहे. अग्निवीरवायूचा, म्हणजे हवाई दलातल्या चार वर्षांच्या भरतीचा, फॉर्म भरताना ‘एअरक्रू’ मागता येईल का, एवढाच त्याचा प्रश्न.

नाही येत. तसा रकानाच नसतो. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी बडोद्याच्याच दांडिया बाजारातला. जुम्मादादा व्यायाम मंदिरात दंड-बैठका काढत वाढलो आणि हवाई दलात गेलो तो इंजिन फिटर म्हणून. आईने मात्र मुलगा विमान चालवतो असं सगळ्या पोळात, म्हणजे गल्लीत, सांगून टाकलं होतं. प्रत्यक्षात पहिली सात वर्षं माझी विमानाशी ओळख खालूनच होती. कोपरापर्यंत ग्रीस, आणि उडणाऱ्या विमानाकडे बघून हात हलवायचा. मग युनिटमध्ये व्हॉलंटिअर मागवले. अर्ज, परीक्षा, नव्याने मेडिकल, कोर्स, असं करत एएन-३२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर झालो. पायलटच्या छातीवर दोन पंख असतात, आम्हाला एकाच बाजूचा. गणवेशावर तो शिवायला टाकला तेव्हा टेलरने विचारलं होतं, ‘दुसरा हरवला का?’

वर्दीतल्या जवानाने विमानात करायची कामं साधारण तीन. फ्लाइट इंजिनिअर, लोडमास्टर आणि हेलिकॉप्टरवर बंदूक सांभाळणारा फ्लाइट गनर. मी दोन्ही पायलटांच्या मधे, किंचित मागे बसायचो. इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, इंधन, सगळ्यावर नजर. जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकासारख्या धावपट्टीवर उतरलं, की तिथे तुमची ग्राउंडची पलटण नसते. काही बिघडलं तर पाना घेऊन खाली उतरायचं ते आपणच. म्हणून तर आधी ती सात वर्षं खाली काढायला लावतात. लोडमास्टरचं डोकं तराजूसारखं लागतं. कुठली पेटी कुठे बांधली म्हणजे विमानाचा तोल सांभाळेल, हा हिशेब त्याचा. तांदळाची पोती मागच्या दारातून हवेत सोडायची तीही त्याच्याच इशाऱ्यावर.

आता तू बडोद्याचा आहेस, तर एक गोष्ट डोक्यावरून उडताना रोज बघतोस. सी-२९५, हवाई दलाचं नवं मालवाहू विमान. २०२३ च्या सप्टेंबरात त्यातलं पहिलं विमान इथे आलं, जुन्या अ‍ॅव्ह्रो विमानांच्या जागी. एकूण ५६ घ्यायची ठरली, त्यातली १६ स्पेनमधून तयार आणि ४० इथेच बडोद्यात जोडायची. त्या कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. गावात सगळे त्यावर खूश, मीही. पण कॉकपिटचे फोटो पाहिले आणि पोटात जरा कसंसं झालं. तिथे दोन पायलट, बस्स. माझी खुर्चीच नाही. माझं काम कॉम्प्युटर करतो. सी-१७ सारखं अवाढव्य विमानही दोन पायलट आणि एक लोडमास्टर एवढ्यावर चालतं. तेव्हा आज तुझ्या वयाच्या कुणी मला विचारलं, तर फ्लाइट इंजिनिअरच्या नादाने जाऊ नकोस, लोडमास्टरकडे बघ, असंच सांगेन. पोती ढकलायला आणि तोल बघायला अजून माणूसच लागतो.

आता चार वर्षांचं गणित. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. भरती चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात, आणि झाली की पुढची किमान १५ वर्षं नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३०,००० चं पॅकेज, पण हातात २१,०००. उरलेलं सेवा निधीत. चार वर्षांनी सरकारचा वाटा धरून सुमारे १० लाख मिळतात. त्या काळात लग्न करता येत नाही, हे घरी आधीच सांगून ठेव. आमच्या वेळी क्रूसाठी ट्रेडमधली बरीच वर्षं आणि वरची रँक बघायचे. चार वर्षांनी जाणाऱ्या मुलाला महागडा कोर्स देऊन विमानात बसवतील, हे मला तरी पटत नाही. म्हणजे तुझी खरी परीक्षा त्या २५ टक्क्यांत येण्याची. एअरक्रूची गोष्ट त्याच्याही पुढची. मधली वर्षं नुसती वाट बघत काढायची तयारी असेल तर जा. बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात पहाटे उठवतील तेव्हा हे आठवेल.

भरतीची धाव १.६ किलोमीटर, ७ मिनिटांत. मग १० पुश-अप, १० सिट-अप, २० बैठका. कमाटीबागेत महिनाभर पळालास तर होऊन जाईल, त्यात विशेष काही नाही. मुलं अडकतात मेडिकलला. तिथे मेडिकल कॅटेगरीत ‘ए’ म्हणजे हवेतलं काम आणि ‘जी’ म्हणजे जमिनीवरचं. भरतीला ए-४ जी-१ चालते, म्हणजे जमिनीवर ठणठणीत, हवेचं बोलू नका. क्रूसाठी ती ‘ए’ सुधारावी लागते, आणि पुढे दरवर्षी टिकवावी लागते.

बेंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिनच्या इन्स्टिट्यूटमधली एक दुपार अजून आठवते. बंद लोखंडी खोली, आत आम्ही काही जण, खोलीतली हवा हळूहळू विरळ करत उंचीवर गेल्यासारखं करतात. मग मास्क काढायला सांगितला आणि वहीत १०० मधून सात-सात वजा करत लिहा म्हणाले. मी मजेत होतो. इतकं सोपं काम आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मास्क परत लावल्यावर वहीत पाहिलं तर १००, ९३, ८६, ७९, आणि पुढे ७९, ७९, ७९, ओळ उतरत उतरत पानाबाहेर गेलेली. नखं निळसर. त्रास काहीच जाणवला नव्हता, हीच भीती.

आणि एक माझाच गाढवपणा. सर्दी होती, डॉक्टरला सांगितली नाही, कारण सांगितलं असतं तर त्या फेरीतून नाव गेलं असतं. वर जाताना काही नाही. उतरताना कानात कुणीतरी गरम सळई घातल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकर मारली, कान उघडेना. समोरचा ऑइल प्रेशरचा काटा पाण्यातून बघतोय असा दिसत होता, डोळे भरलेले. उतरल्यावर पायलट एवढंच म्हणाले, ‘बोलला असतास तर दुसरा आणला असता.’ पुढे तीन आठवडे जमिनीवर.

चार वर्षांचं गणित जमत नसेल तर कोस्ट गार्डचा नाविक जनरल ड्यूटी बघ. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, वय १८ ते २२, आणि ही भरती अग्निपथमध्ये येत नाही. तिथेही आधी साधा नाविक, ओडिशातल्या चिल्काला प्रशिक्षण, मग पुढे निवड झाली तर हेलिकॉप्टरवर एअरक्रू डायव्हर, म्हणजे क्रूमधला पाणबुड्या. पोहता येत असेल तर हा रस्ता मला जास्त जवळचा वाटतो. पण आईवडिलांपासून लपवून ठेवू नकोस: ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात दोन पायलटांबरोबर एक नाविकही गेला. माझ्या जुन्या एएन-३२ चंही तेच. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एक परत आलं नाही, १३ जण होते. आमच्याकडे त्या आठवड्यात माझ्या बायकोने टीव्ही लावू दिला नाही.

फॉर्म भरायच्या आधी दात दाखवून घे, तिथे किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे दातांचे गुण, लागतात. कानही दाखव. एकेका कानाने सहा मीटरवरची कुजबुज ऐकू यावी लागते, आणि निम्म्या पोरांच्या कानात नुसता मळ असतो. तो डॉक्टरकडून काढून घे, घरी काडी घालू नकोस.