‘मूर’ म्हणजे माळरान की दलदल?

इंग्लंडमधल्या डार्टमूरवरच्या पुरातत्त्व-भटकंतीचं माहितीपत्रक मराठीत करताना दोन शब्द अडले आहेत: ‘मूर’ला माळरान म्हणावं की दलदल, आणि ‘हट सर्कल’ला शिलावर्तुळ चालेल का?

दलदल तर नकोच. डार्टमूर हे डेव्हनमधलं ग्रॅनाइटचं उंच पठार. पाऊस भरपूर, हवा थंड, माती आम्लधर्मी; त्यामुळे मेलेलं गवत, शेवाळ पुरतं कुजत नाही आणि त्याचे काळे थर साचत जातात. तेच पीट. जिथे पाणी तुंबतं तिथे खरी दलदल होते, तिला इंग्रजीत ‘बॉग’ हा वेगळा शब्द आहे. वाटाड्या बजावतो, पोपटी शेवाळाचा गालिचा दिसला की पाय टाकू नका, वळसा घाला. अख्ख्या मूरलाच दलदल म्हटलं तर या सूचनेचा अर्थच जातो.

माळरान बरंच जवळचं, पण त्यात मराठी कानाला कोरडेपणा ऐकू येतो: मुरमाड जमीन, कुसळं, ऊन. कोकणातला सडा पावसाच्या बाबतीत जुळतो, त्यावर कातळशिल्पंही आहेत. पण तिथे पायाखाली उघडा जांभा, इथे दाबली की पाणी सोडणारी माती. म्हणून पहिल्यांदा ‘मूर, म्हणजे पीटमातीचा ओला माळ’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘माळ’.

आता ‘हट सर्कल’. शिलावर्तुळ हा शब्द आपल्याकडे नागपूरजवळच्या जुनापाणीसारख्या महापाषाणीय (मोठ्या शिळा मांडून केलेल्या) दफनांसाठी रुळला आहे. हट सर्कल ही कांस्ययुगातली राहती घरं. डार्टमूरवरच्याच ग्रिम्सपाउंडला एकाच दगडी आवारात अशी 24 आहेत. वरचं लाकूड, शाकारणी केव्हाच गेली; भिंतीचा बुटका गोल आणि कुठे कुठे दाराच्या दोन उभ्या शिळा उरल्या. गडकिल्ले फिरणारे घराच्या अशा खुणेला ‘जोतं’ म्हणतात. ‘गोल जोतं’ लिहा, लगेच कळेल.

हा भेद डार्टमूरवरच्या मेरिव्हेलला फारच लागतो. तिथे गोल जोती, खरंखुरं शिलावर्तुळ आणि शिळांच्या दुहेरी रांगा जवळजवळ आहेत. जोतं आणि शिलावर्तुळ दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचणारा घरालाच विधीची जागा समजेल. त्या रांगांच्या मधून वाहणाऱ्या ‘लीट’ला मात्र शब्द शोधत बसू नका. उतार धरून खणून आणलेलं पाणी, म्हणजे आपला पाटच.