भाऊ लढले, अब्दाली लढला

प्रिय ओवी,

पानिपतची गोष्ट वाचताना तू फोनवर दोन प्रश्न विचारलेस. पुस्तकात एका पानावर बाळाजी बाजीराव आणि पुढच्याच पानावर नानासाहेब, ही माणसं दोन की एक? आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्याबद्दल ‘भाऊ लढले’, पण चालून आलेल्या अहमदशहा अब्दालीबद्दल ‘अब्दाली लढला’ असं का?

पहिलं सोपं आहे. माणूस एकच. तुझ्या नावापुढे बाबाचं नाव येतं, तसंच इथे. विश्वनाथांचे बाळाजी, बाळाजींचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे रीत आहे, आणि थोरांच्या नावाने पोराला हाक मारवत नाही, म्हणून अशा मुलाला घरात दुसरं नाव असतं. नुसतं ‘नानासाहेब’ मात्र लिहू नकोस. १८५७ साली कानपूरला लढले ते नानासाहेब वेगळे, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र.

दुसरा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या बाजूच्यांना ‘ते’ म्हणायचं आणि चालून आलेल्याला ‘तो’, अशी मराठीत लिहिण्याची जुनी सवय आहे. ज्याने आपली माणसं मारली त्याला अहोजाहो करायला जीभ वळत नाही, हे मी समजू शकते. अफगाणिस्तानात त्याच अहमदशहाला लोक आदराने ‘बाबा’ म्हणतात.

पण इब्राहिमखान गारदी? १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंचा तोफखाना आणि गारद्यांच्या कवायती पलटणी त्यांच्याकडे होत्या. समोर नजीबखानाचे रोहिले होते, अवधचा शुजाउद्दौला होता, आणि खान मात्र भाऊंची बाजू सोडून गेले नाहीत. लढाईनंतर शत्रूने त्यांना पकडून ठार केलं. तरी ‘इब्राहिमखान पकडला गेला’ असं मी कितीदा वाचलंय! नानासाहेबांचे चिरंजीव विश्वासराव ‘पडले’ आणि खान ‘मारला गेला’. हे मला पटत नाही. ‘मराठा सैन्य’ म्हणजे त्या राज्यासाठी जे जे लढले ते सगळे. शिंदे, होळकर, गायकवाड, तसेच गारदीही.

अब्दालीचं काय करायचं ते तू ठरव. इब्राहिमखानांना मात्र भाऊंसारखंच ‘ते’ लिही. आणि नानासाहेब पेशव्यांना राजा म्हणू नकोस. छत्रपती साताऱ्याला होते, पेशवे त्यांचे प्रधान.

तुझी,
आई