लोणचं मुरेल अशी बरणी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नोकरी सोडून पूर्णवेळ मातीकाम सुरू करू का, असं तू विचारलंस. माझं उत्तर आहे: या वर्षी नको. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. फोटोतल्या वाट्यांचे काठ एकसारखे आहेत आणि बूड नीट उचललेलं आहे, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पण तुला रोजच्या वापराची भांडी करायची आहेत, आणि अशा भांड्याची खरी परीक्षा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात होते. तिथे त्यात कढत आमटी पडते, लिंबू पिळलं जातं, तारेची घासणी फिरते. तुझी भांडी अजून तिथवर पोचलेली नाहीत.

म्हणून हे वर्ष एका कामाला दे: लोणच्याची बरणी. मीठ, आंबट, तेल आणि महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, हे सगळं तिला सोसावं लागतं. गावचा कुंभार माठ कमी आचेवर भाजतो. त्यामुळे माती सच्छिद्र राहते, पाणी झिरपतं आणि त्यानेच ते गार होतं. माठाचा जो गुण, तोच बरणीचा दोष. बरणीची माती भट्टीत इतकी घट्ट व्हायला हवी की वर ग्लेझचा काचेसारखा थर नसला तरी ती पाणी पिणार नाही. आपण स्टोनवेअर, म्हणजे चढ्या आचेवर भाजून घट्ट केलेली भांडी, साधारण 1220 ते 1280 अंश सेल्सिअसपर्यंत नेतो, पण तेवढ्या तापमानाला प्रत्येक माती घट्ट होतेच असं नाही. पिशवीवर काय छापलंय त्यावर विसंबू नकोस. ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा कोरडा असताना वजन कर, काही तास उकळ, दिवसभर त्याच पाण्यात ठेव, पुसून पुन्हा वजन कर. 200 ग्रॅमचा तुकडा 203 ग्रॅम झाला म्हणजे दीड टक्का पाणी प्यायला. तिथपर्यंत मी चालवून घेते. त्याहून जास्त असेल तर माती बदल किंवा आच वाढव. आच किती लागली हे निव्वळ मीटरच्या आकड्यावरून ठरवू नकोस, भट्टीत कोन ठेव, म्हणजे ठरावीक आचेला वाकणारा छोटा सुळका. मातीवर तापमानाइतकाच वेळेचाही परिणाम होतो आणि तो वाकलेल्या कोनातच दिसतो.

ग्लेझबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त रंग म्हणून आला आहे. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. काच होते सिलिकाने, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याने, भांड्यावरून ओघळत नाही ती अॅल्युमिनामुळे, आणि हे सगळं आपल्या भट्टीच्या आचेला वितळतं ते फेल्डस्पार, खडू यांसारख्या द्रावकांमुळे. हे गणित समजून घेतल्याशिवाय तयार पावडरचे डबे आणून लावत राहिलीस, तर काही बिघडल्यावर काय बदलायचं ते कळणार नाही. तुझ्या निळ्या वाटीवर केसासारख्या बारीक भेगा दिसताहेत. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणाखाली येतं आणि अशा भेगा पडतात. काही जण त्याला नक्षी म्हणतात. शोभेच्या फुलदाणीवर खुशाल म्हणावं. जेवणाच्या वाटीत मात्र त्यांत हळद शिरते, वास राहतो, भांडं कमकुवत होतं. ग्लेझमध्ये सिलिका थोडी थोडी वाढवत चाचणीचे तुकडे भाज. मग ते आलटून पालटून बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यात टाक. भेगा कुठे थांबतात ते तुला दिसेल.

तो मॅट हिरवा तुला फार आवडतो, हे मला माहीत आहे. तो रंग तांब्याने येतो. तांबं जास्त झालं किंवा काच कच्ची राहिली तर ते आंबटात उतरतं. त्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेव. सकाळी तिथला रंग उडालेला दिसला तर ते ग्लेझ आतून लावायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. मात्र रंग टिकला म्हणून ग्लेझ सुरक्षित ठरतं असंही नाही. जे ग्लेझ कायमचं वापरणार आहेस, त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घे. 4 टक्के अॅसेटिक आम्लात भांडं 24 तास ठेवून काय उतरलं ते मोजतात. शिसं आणि कॅडमियम असलेलं काहीही स्टुडिओत आणूच नकोस. लोक आपल्या भांड्यातून पोराबाळांना भरवतात.

आता मापाचं. तुझी माती 12 टक्के आकसते असं तू लिहिलंस. ते लांबीरुंदीचं झालं. आतली जागा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होते. चहाचा मग 250 मिलीचा हवा असेल, तर चाकावर तो साधारण 370 मिलीचा काढावा लागतो. बरणी आणि झाकण एकाच दिवशी, एकाच मातीतून कर आणि भट्टीत झाकण बरणीवरच ठेवून भाज, टेकतात तेवढी जागा ग्लेझशिवाय ठेवून. बाहेर आल्यावर टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची कच्ची-पक्की डोकी पारखल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. टिचकी मारताना मला ती दर वेळी आठवते.

एकच आकार पुन्हा पुन्हा करण्याचा तुला कंटाळा येतो, हे वाचून मी थोडी काळजीत पडले. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी 1920 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला जी पॉटरी सुरू केली, तिथे पुढे ठरावीक यादीतली भांडी वर्षानुवर्षं बनत राहिली आणि शिकाऊ हात त्यांवरच तयार झाले. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीनेही वापरातल्या स्टोनवेअरवरच नाव कमावलं. आपल्याकडे धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन बस. एका नगासारखा दुसरा नग कसा उतरतो ते पाहा. विचारायचं ते अदबीने विचार, आणि शिकवलं तर त्याचे पैसे दे. गिऱ्हाइकाची सहातली एक वाटी फुटली की त्याला तशीच सातवी हवी असते, आणि ती तुला देता यायला हवी.

पैशाचा हिशेब आजपासून वहीत लिही. समज, भट्टीत 40 मग लावले आणि 5 वाया गेले. खर्च 40 चा झाला, विकायला 35 आले. माती आणि वीज सगळे धरतात. कान चिकटवण्याचा, ट्रिमिंगचा, बूड पुसण्याचा, पॅकिंगचा वेळ कुणी धरत नाही. तुझ्या तासाला किंमत लाव. दुकानदार तिसरा हिस्सा, कधी निम्माही ठेवून घेतो, हे धरूनही तुझा तास सुटला पाहिजे. आणि दुकानातली किंमत तीच स्टुडिओतली ठेव, नाहीतर दुकानदार दुरावेल. भट्टी घेण्याआधी वीजजोडणीची चौकशी कर. मोठ्या भट्टीला थ्री-फेज लागतं, आणि भाड्याच्या जागेत त्यावरच बऱ्याच जणांचं अडतं. विक्री, प्रदर्शनं, फोटो यांबद्दल तुझ्या पिढीला माझ्याहून जास्त कळतं.

एका बाबतीत मात्र माझं निक्षून ऐक. स्टुडिओत सुकी माती झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ग्लेझ कालवताना चांगला मास्क लाव. मातीतली बारीक सिलिका फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. तुला हे काम साठीतही करायचं आहे.

कैरीच्या दिवसांपर्यंत तीन बरण्या तयार कर. एक तुझ्या आईला दे, एक शेजारी, एक मला. लोणचं मीच घालेन. सोबत मातीच्या चाचणीची वजनं, ग्लेझची कृती आणि भट्टीची नोंद पाठव. पुढच्या संक्रांतीला तिन्ही बरण्या रिकाम्या करून आतून बघू, आणि नोकरीचं तेव्हा बोलू.

तुझी,
मावशी