मुलगा माझ्याकडे रत्नागिरीत, त्याचे वडील डोंबिवलीत. भेटी कशा ठरवायच्या?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षांचा मुलगा तुमच्याजवळ, माहेरी, रत्नागिरी तालुक्यात. नवरा डोंबिवलीला नोकरीत, त्याचं मूळ घर राजापूरकडे. दर शनिवार-रविवार मुलाला त्याच्याकडे पाठवा, अशी त्याच्या वकिलाची नोटीस आलीय. पोटगी मिळत नाही. भाऊ म्हणतो, याला उंबऱ्यावर पाऊल ठेवू देणार नाही. आणि तुमची खरी भीती वेगळीच आहे: मुंबईला गेलेला मुलगा परत पाठवलाच नाही तर?

मी वकील नाही. अशाच एका मुलीचा मामा आहे. बहीण आणि भाची आमच्याकडे चिपळूणला असतात, भाचीचे वडील मुंबईत. तिला स्टेशनवर नेण्या-आणण्याचं काम ती पहिलीत असल्यापासून माझ्याकडे आहे. कागदावर काय लिहिलं की भेटी सुरळीत होतात आणि काय लिहिलं की दर महिन्याला फोनवर भांडण होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आधी तुमच्या भीतीचं बघू. स्टँप पेपरवर नोटरीसमोर केलेला करार पुरेसा धरू नका. तो मोडला तर थेट अंमलबजावणी मागता येत नाही. जे ठरेल ते कोर्टाच्या आदेशात यायला हवं. तुमच्यात हिंदू विवाह कायद्याखाली दावा चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली भेटीचा आणि मुलाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज देता येतो. दावा नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि तो मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, म्हणजे तुमच्या बाबतीत रत्नागिरीत. म्हणून शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड आणि इथल्या डॉक्टरचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हा १९५६ च्या कायद्यातला नियम तुमच्या मुलाच्या वयाला लागू नाही. आता कोर्ट बघणार ते त्याचं हित. दोघांचं जमलं तर तडजोड पुरशिस, म्हणजे काय ठरलं ते कोर्टाला कळवणारा लेखी कागद, दाखल करा आणि तिच्यावर आदेश घ्या. मग मुलगा ठरल्या दिवशी परत आला नाही तर हातात दरखास्तीचा, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागण्याचा, रस्ता असतो. अगदी वेळ आलीच तर उच्च न्यायालय आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्याच्याकडे आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केलात तरी माहिती देतात.

आता दर शनिवार-रविवारची मागणी. ताई, ही मागणी तशीच्या तशी मान्य करू नका. पण ‘भेटू देणार नाही’ असंही कळवू नका. ठाणे आणि दादरमध्ये राहणाऱ्या आईवडिलांसाठी हा मसुदा ठीक आहे. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर पोराने गाडी धरायची, रविवारी रात्री पुन्हा गाडी, आणि सोमवारी वर्गात पेंगायचं. दुसरीतल्या मुलाला हे झेपत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत तो बाबांकडे जायलाच नको म्हणायला लागतो. मग तिकडून आरोप येतो की आईने शिकवलं.

त्यापेक्षा आपलं वर्ष जसं चालतं तशा भेटी बसवा. महिन्यातून एका रविवारी बाबांनी इकडे यावं. दादरहून रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसला बसलं की सकाळी रत्नागिरीला उतरतात, आणि त्याच रात्री परतीची तुतारी मिळते. लॉजचा खर्च नाही, अख्खा दिवस मुलाबरोबर. झाडगावचं मत्स्यालय, भाट्याचा किनारा, कुठेही जाऊ देत. असे काही महिने नीट गेले की पुढची पायरी म्हणजे राजापूरच्या घरी आजी-आजोबांजवळ एक-दोन रात्री. त्यानंतर मुंबई. ही पायरी-पायरीची चाल आदेशातच लिहून घ्या. परत न पाठवण्याच्या भीतीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही, कारण मधल्या काळात दोन्ही बाजूंना एकमेकांचा अनुभव येतो.

मोठा वाटा सुट्ट्यांचा ठेवा. मे महिन्याचा अर्धा आणि दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस बाबांकडे. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, म्हणून तो त्याआधी आठवडाभर तरी घरी परतलेला असावा. पावसाळ्यात मात्र मुलाने प्रवास करायचा नाही, बाबांनी यायचं, हे स्पष्ट लिहा. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर तासन् तास उभ्या राहतात. वशिष्ठी नदी चढली की काय होतं ते आम्ही चिपळूणकरांनी २०२१ च्या जुलैत पाहिलंय. गाडी रद्द झाली तर पुढचा रविवार आपोआप भेटीचा, ही ओळ घाला. या एका ओळीने आमच्या घरातली कितीतरी भांडणं वाचली.

गणपती हा सगळ्यात नाजूक विषय. चाकरमानी वडील वर्षातून एकदा हक्काने गावी येतात ते तेव्हाच, आणि नातवाने आपल्या घरच्या गणपतीसमोर आरतीला उभं राहावं असं आजीला वाटतं. ते चुकीचं नाही. तुमच्या माहेरी गणपती असेल तर तुम्हालाही वाटणार. बरं, दोन्ही घरं एसटीच्या टप्प्यात आहेत. हरतालिकेच्या दुपारपासून गौरी आवाहनाच्या दुपारपर्यंत एका घरी, पुढे विसर्जनापर्यंत दुसऱ्या घरी, आणि पुढच्या वर्षी उलट. कुणाकडे दीड दिवसांचा असेल तर त्याप्रमाणे फिरवा. पुरशिशीत इंग्रजी तारखा न घालता तिथी घाला, म्हणजे दरवर्षी नव्याने बसायला नको. शिमग्याला पालखी घरी येण्याचा दिवस गावागावात वेगळा आणि परीक्षा तोंडावर, म्हणून तो दिवस कळल्यावर एका दिवसापुरतं ठरवा, एवढं बास.

तिकिटांचंही लिहा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीची तिकिटं डोळ्यांदेखत संपतात. मुलाला नेणाऱ्याने जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकत्र काढायचं आणि त्याचा फोटो आधी पाठवायचा. परतीचं तिकीट बघितल्यावर तुमचाही जीव थाऱ्यावर राहील.

फोनसाठी रोजची एक वेळ ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. घरात जिथे रेंज येते तिथे मुलाला बसवा आणि तुम्ही बाजूला व्हा. वीज गेली, टॉवर बंद पडला तर नंतर एक मेसेज करा.

पोटगी येत नाही म्हणून भेट थांबवावी असं वाटणं मी समजू शकतो. बहिणीच्या वाट्यालाही ते दिवस आले होते. पण हे दोन विषय कोर्टासमोर वेगळे असतात. मुलाच्या खर्चासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली स्वतंत्र अर्ज करा आणि भेट चालू ठेवा. भेट अडवलीत तर पैसे न देणारा माणूसच उद्या तक्रारदार होऊन उभा राहील.

मात्र मारहाण, दारू किंवा मुलाला धोका असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा तुम्हाला देऊ शकतात आणि भेट घातक वाटली तर नाकारूही शकतात. तसं असेल तर आजच संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा.

भेट कोर्टाच्या आवारात ठेवा असं कुणी सुचवलं तर आधी जागा बघून या. पोलीस, आरोपी, तारखेला आलेली माणसं, आणि मधे बाकावर बाप-लेक. खरोखर धोका नसेल तर मोकळी जागा मागा.

भावाला पुढचं वाचायला द्या. मामा म्हणून सांगतो, दादा, राग आपला खरा असतो. आपल्या बहिणीला रडताना आपण बघितलेलं असतं. पण स्टेशनवर मूल आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. मामाचा चेहरा ताठ दिसला की बाबांकडे धावताना त्याचे पाय अडखळतात, आणि ते बघवत नाही. मी भाचीच्या वडिलांना अजून भाऊजीच म्हणतो. तिचं औषध काय, जेवली का, परतीची गाडी कोणती, एवढंच आमचं बोलणं होतं. त्याहून जास्त बोलण्याची गरज नाही. परत आल्यावर तिला कुणी काही विचारायचं नाही असं आमच्या घरी ठरलंय. पाय धुवायचे, जेवायचं. सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगते, आणि तेव्हा सगळ्यांनी ऐकायचं, माझ्या बहिणीनेसुद्धा.

गावात लोक मुलाला विचारणारच, बाबा कुठे असतात रे? ‘मुंबईला असतात, मला भेटायला येतात’ एवढं उत्तर त्याला येऊ द्या. ते खरं असलं की तो न अडखळता देतो. वर्गशिक्षकांनाही दोन शब्दांत कल्पना द्या.

आता नोटीस. तिला गप्प बसून उत्तर देऊ नका. विधी सेवेच्या वकिलाकडून लेखी कळवा की तुमचा भेटीला विरोध नाही, अंतर आणि शाळा पाहता दर आठवड्याला पाठवणं शक्य नाही, आणि त्याऐवजी हा आराखडा मान्य आहे. आराखडा सोबत जोडा आणि पहिल्या भेटीसाठी पुढच्या महिन्यातल्या एका रविवारची तारीख त्यातच लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती त्याच फाइलमध्ये लावा. त्यातली एखादी अट कशी लिहायची यावर अडलात तर इथेच खाली विचारा, मी आमच्या आदेशात ती कशी आहे ते बघून सांगेन.