वाचक विचारतात : किलिमांजारोची चढाई

प्रश्न : कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग दरवर्षी करतो. किलिमांजारोला दोर लागतो का? मारंगू या वाटेने पाच दिवसांचा कार्यक्रम बराच स्वस्त मिळतोय. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही. मचामे किंवा लेमोशो वाटेने गेलात तर बरांको भिंतीवर हात टेकावे लागतील, पण अलंग-मदनचे कातळटप्पे केलेल्याला ती भिंत जड जाऊ नये. पायांची तयारी तुमची आहेच. अडचण येते ती उंचीची, आणि तिची सवय सह्याद्रीत होत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, तर मचामेचं प्रवेशद्वारच सुमारे १,८०० मीटरवर आहे. उहुरू, म्हणजे किलिमांजारोचा माथा, ५,८९५ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो.

म्हणून पाच दिवसांचं मारंगू घेऊ नका. त्यात मुक्काम २,७२० (मंदारा), ३,७२० (होरोम्बो) आणि ४,७२० (किबो) मीटरवर पडतात, म्हणजे रोज हजार मीटरची उडी. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. तो इथे सरळ मोडला जातो. स्वस्ताईचं कारणही उघड आहे : किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारतात, दिवस छाटला की पैसे वाचतात. मारंगूच हवं असेल, तर होरोम्बोला एक जादा रात्र असलेला सहा दिवसांचा कार्यक्रम घ्या.

आमची पसंती सात दिवसांच्या मचामेला. तिसऱ्या दिवशी शिरा छावणीतून (३,८४०) लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटरवर चढायचं, तिथेच जेवायचं आणि झोपायला खाली बरांकोला, चार हजारांच्या आत यायचं. त्या दुपारी डोकं दुखणं स्वाभाविक आहे. खाली आल्यावर ते उतरलं पाहिजे.

प्रश्न : शिखराकडे मध्यरात्रीच का निघतात? थंडीसाठी काय घ्यावं? (पुणे)

उत्तर : वरचा उतार म्हणजे निव्वळ घसारा. रात्री गोठलेला असतो तोवर पाय ठरतो, ऊन लागलं की दोन पावलं चढून एक पाऊल मागे. शिवाय त्याच दिवशी बराफू या शिखराआधीच्या शेवटच्या छावणीवर परतून पुढे म्वेका छावणीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर उतरायचं असतं. बराफू (सुमारे ४,६७०) ते विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट सहा-सात तास आणि तिथून उहुरू आणखी पाऊण ते एक तास. वाटाडे 'पोले पोले', हळूहळू, म्हणतात ते मनावर घ्या : नाकाने श्वास घेत बोलता येईल इतकाच वेग. धाप लागली तर वेग चुकला.

तापमान उणे १५-२० पर्यंत जाऊ शकतं, वर वारा. अंगावर थर्मल, फ्लीस, डाउन जॅकेट आणि सगळ्यावर वारा अडवणारं जॅकेट. हातात पातळ मोजे, त्यावर बोटं एकत्र राहतील असे जाड मोजे. पायात दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

पाण्याच्या पिशवीची नळी या रात्री हमखास गोठते. रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या आणि उलट्या ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकणाजवळ पाणी राहतं. (एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उद्यानात चालत नाहीत.) मोबाइल आणि हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. निघण्यापूर्वी पायाची नखं कापा आणि उतरताना नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा. नाहीतर एवढ्या उतारात अंगठे बुटावर आपटून नखं काळी पडतात.

प्रश्न : डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यावी का? (ठाणे)

उत्तर : डॉक्टरांना विचारून. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून एक-दोन दिवस घरीच घेऊन पाहा. गोळीने शरीर लवकर जुळवून घेतं, पण धोका टळत नाही. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला, असंबद्ध बडबड किंवा सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच खाली उतरा. 'सकाळी बघू' हा इथला सर्वांत वाईट निर्णय.

प्रश्न : ज्वालामुखी आहे, मग उद्रेकाची भीती? (कोल्हापूर)

उत्तर : किलिमांजारोचे तीन ज्वालामुखी शंकू आहेत : शिरा आणि मावेन्झी मृत, आणि उहुरू ज्यावर आहे तो किबो सुप्त. नोंदलेल्या इतिहासात किबोचा उद्रेक नाही. विवरात मात्र अजून गंधकाचा वास येतो. काळ निवडताना ज्वालामुखीपेक्षा पावसाचा विचार करा : जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध किंवा जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मे टाळा.