बसलं की छाती धडधडते म्हणता ना ताई, आधी हे वाचा (लांब आहे, माफ करा)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग उशिरापर्यंत डोळाच लागला नाही. नागपूरच्या मिहानमध्ये जॉब, दुसरीतला मुलगा, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सकाळी साडेपाचला उठून ॲप लावून वीस मिनिटं ध्यानाला बसता, पण डोळे मिटले की छाती धडधडते, हात थरथरतात, मग स्वतःचाच राग येतो, आणि या धावपळीत ध्यानाला वेळ कसा काढायचा, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला नाव टाकू का असं विचारलंय तुम्ही. पाठ ताठ ठेवा, श्वासाकडे बघा, मोबाईल लांब ठेवा हे बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते मी परत लिहीत नाही. मला फक्त त्या धडधडीबद्दल बोलायचंय, कारण ते वाक्य वाचून वाटलं की हे मीच लिहिलंय २०१८ साली.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, कुठली गुरू तर नाहीच नाही, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. माझं झालं ते तुमचं असेलच असं नाही. पण असू शकतं, म्हणून एवढं टाइप करून राहिले.

त्या वर्षी मार्च एंडिंग संपलं तरी माझी झोप काही परत येईना. तीन वाजता टक्क जाग, पोरीवर उगाच ओरडणं, जेवता जेवता ऑफिसचे आकडे. एका मैत्रिणीनं एका संस्थेचा आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स सुचवला. नाव घेत नाही, घेऊन फायदाही नाही. फी अठरा हजार, पहाटे सव्वापाचला हजेरी, आणि भिंतीवर लावायला एक कार्ड, रोज पंचेचाळीस मिनिटं बसलं की त्या दिवसाच्या चौकोनात टिकली चिकटवायची. मी अकाउंट्सवाली, मला रिकामा चौकोन बघवत नाही, त्यामुळे ताप असला तरी बसायची.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धडधड सुरू झाली. म्हणजे आधीही असेल, पण दिवसभराच्या धावपळीत कुठं कळतं, शांत बसल्यावरच ऐकू यायला लागली. शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या खूश! म्हणे आत दबलेलं वर येऊन राहिलं, हे चांगलं लक्षण आहे, बसायची वेळ वाढवा. मी वाढवली. पंचेचाळीसचा तास केला. वजन सहा किलो उतरलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या ध्यानानं चेहऱ्यावर तेज आलं. घाम म्हणाल तर नुसता पाझरायचा, पण मे महिना, पारा ४५ च्या वर, नागपुरात घाम आला म्हणून कोण डॉक्टरकडे जातं हो? कूलरला खस बदलून टाकली नवी. बास.

मला कोणी भानावर आणलं माहिती आहे? बँकेच्या काउंटरवरच्या एका काकांनी. हात इतका थरथरायचा की सही जुळत नाही म्हणून माझा स्वतःचा चेक परत आला होता. अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं काढलेल्या बाईचा चेक सहीसाठी परत! मी तणतणत गेले. त्यांनी समोर कागद ठेवला, म्हणाले तीनदा सही करा मॅडम. केली. तिन्ही वेगळ्या, "र" ची शेपटी तर ईसीजी काढल्यासारखी. काका कागदाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, मॅडम, थायरॉईड तपासलं का कधी? माझ्या घरी असंच होतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, जवळजवळ शून्यावर. म्हणजे सांगायची गरजच नव्हती, थायरॉईड आपणच गरजेपेक्षा जास्त काम करून राहिलं होतं. झोप उडणं, धडधड, थरथर, घाम, चिडचिड, वजन उतरणं, सगळं एकाच माळेतलं. गोळ्या सुरू झाल्या आणि तीनेक महिन्यांत हात स्थिर झाला. सहा महिने मी एका ग्रंथीला श्वास मोजून शांत करायला बघत होते, आणि जमत नाही म्हणून रोज स्वतःला शिव्या देत होते. मी वेळेत डॉक्टरकडे गेले नाही ही चूक माझीच, ती त्या बाईंवर ढकलत नाही. पण धडधड होते असं सांगणाऱ्या माणसाला "एकदा तपासून घ्या" एवढं म्हणायला काय लागतं?

रिपोर्ट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. मला पैशांपेक्षा त्यांनी ऐकून घ्यावं असं वाटत होतं खरं. तिथल्या मुलानं रिपोर्ट हातातही घेतला नाही. रिफंड बसत नाही, पुढच्या बॅचला फ्रीमध्ये बसा म्हणाला. वर, मॅडम तुमची श्रद्धा कमी पडली असेल. हे आजही आठवलं की माझं सगळं माइंडफुलनेस खिडकीबाहेर जातं.

आणि गंमत बघा, हा आठ आठवड्यांचा कोर्स मुळात सुरू केला जॉन कबाट-झिन यांनी, १९७९ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात. जुनाट दुखण्याचे पेशंट डॉक्टरच त्यांच्याकडे पाठवायचे, आणि उपचार चालू ठेवून जोडीला हे शिकायचं. आमच्या संस्थेच्या पत्रकावर १९७९ होतं, अमेरिका होती, डॉक्टर तेवढा गाळला होता.

आता शिबिराचं. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, मी स्वतः नंतर नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात दहा दिवस करून आले. गोयंका गुरुजींच्या परंपरेतली शिबिरं फीशिवाय असतात, शेवटी ऐपतीनं आणि मनानं दान. पण ते काही माहेरपण नाही. पहाटे चारची घंटा, दिवसाला दहाएक तास बसणं, बोलणं बंद, मोबाईल जमा, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास आणि चौथ्या दिवशी खरी विपश्यना. मध्येच उठून घरी यायचं नाही असं आधीच कबूल करून घेतात. धडधड कशाची हे माहीत नसताना त्यात उडी मारू नका असं माझं ठाम मत आहे, कोणाला राग आला तर येऊ द्या. फॉर्ममध्ये आजार आणि औषधं विचारतात, तिथं खरं लिहा. लपवून जाणारे पाहिलेत मी. आणि आधी कधी डिप्रेशन किंवा पॅनिकचा त्रास झाला असेल तर नुसत्या फॉर्मवर भागवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तुमचा खरा प्रश्न वेळेचा होता, तिकडे येते. माझ्या मते साडेपाचचं ॲप सध्या बंद करा. झोप मोडून ध्यान म्हणजे पगार उचलून एफडी करायची आणि घरखर्चाला उधारी. मी आता काय करते ते सांगते, हसू नका. सकाळी दूध तापवते. लिटरभर दुधाला सात-आठ मिनिटं लागतात, आधी त्या वेळात मी डबा, व्हॉट्सॲप, पोरीची वेणी सगळं करायची आणि आठवड्यातून दोनदा दूध ओट्यावर. आता तिथंच उभी राहते. कडेला बारीक बुडबुडे येतात, मग मधोमध साय सुरकुतते, मग ती खालून फुगून वर येते, तेवढंच बघायचं. मन ऑफिसात जातं, जाऊ द्यायचं, परत पातेल्यात आणायचं. हेच ध्यान आहे, वेगळं काही नाही. पाय तळव्यापासून जमिनीला टेकलेत हे कळलं की पुष्कळ झालं.

दुसरं, मेट्रो. मी टेलिफोन एक्स्चेंजवरून लोकमान्य नगरपर्यंत जाते. सगळा प्रवास नाही, झाशी राणी ते सुभाष नगर एवढाच तुकडा, फोन पर्समध्ये. अंबाझरी तलावाचं पाणी दिसलं की माझं संपलं, मग खुशाल रील्स. तुमच्या मार्गावरही असा एखादा तुकडा सापडेल. गाडी चालवत असाल तर मात्र डोळे रस्त्यावर ठेवा, सिग्नलला हँडलवरची पकड सैल केली तरी चालतं.

माझी आजी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज संध्याकाळी जायची. तिनं ध्यानासाठी वेळ काढला असं कधी म्हटलं नाही, गाईला पाणी दाखवल्यावर प्रार्थना, एवढं पक्कं. आहे त्या कामाच्या शेपटीला बांधलं की टिकतं. कार्ड, टिकल्या, ॲपवरचे सलग ९० दिवस, यानं माझं तरी फक्त टेन्शन वाढलं. काहींना जमतं, असेल बापा.

आणि घरात सांगू नका की मी ध्यान करते. सांगितलं की परीक्षा सुरू. आमचे हे अजून विचारतात, ध्यान करते ना तू, मग चिडून काहून राहिली?

तर या आठवड्यात टीएसएच, टी-थ्री, टी-फोर आणि हिमोग्लोबिन करून घ्या, रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. डॉक्टरांनी सांगितलं तर ईसीजी पण. आणि धडधडीसोबत छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आठवडा कसला, तेव्हाच दवाखाना गाठा. थायरॉईडच्या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही, ऑफिसला जाता जाता होते. फक्त केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा, त्या दोनेक दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, नाहीतर टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. माझ्या चुलत बहिणीचं तेच झालं होतं, थायरॉईड ठणठणीत आणि घरात रडारड.