घरच्या उळ्याचा (कांद्याच्या बियाण्याचा) जोम का गेला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (निफाड तालुका): एकसारखे, गोल असे १२ कांदे निवडून बियाण्यासाठी परसात लावले. शेजारच्या डोंगळ्यांचा (बियाण्यासाठी लावलेल्या, फुलावर आलेल्या कांद्यांचा) पराग येऊ नये म्हणून गोंड्यांवर, म्हणजे फुलांच्या झुपक्यांवर, मच्छरदाणी टाकली. बी थोडेच धरले. त्याच उळ्याच्या कांद्यांवर पुन्हा हाच प्रयोग केला. यंदाचे रोप विरळ आणि मलूल आहे, काही रोपे तर पांढरीफटक. घरचा गहू मात्र १५ वर्षे तोच पेरतो, त्याला काही झालेले नाही. कुठे चुकले?

उत्तर: दोन चुका झाल्या, मच्छरदाणी आणि १२ हा आकडा.

कांद्याच्या फुलात आधी सहाही पुंकेसर फुटतात. तेव्हा कुक्षीची (पराग धरणाऱ्या टोकाची) दांडी जेमतेम १ मिलिमीटर असते. ती वाढून ५ मिलिमीटरच्या आसपास गेली की मगच कुक्षी पराग धरते. त्यामुळे एकटे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. पण एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती दोन-तीन आठवडे मागेपुढे उमलत राहतात. मच्छरदाणीत मधमाशी शिरली नाही, म्हणजे जे बी धरले ते बहुतेक त्याच गोंड्यातल्या शेजारफुलाच्या परागाचे. फुले दोन असली तरी झाड एकच, म्हणजे हे स्वपरागीकरणच.

हजारो पिढ्या परपरागावर जगलेल्या कांद्यात कितीतरी सदोष जनुके दडलेली असतात. जोडीला निरोगी जनुक असेपर्यंत ती गप्प राहतात. स्वपरागीकरणाच्या प्रत्येक पिढीत अशा मिश्र जोड्या निम्म्या होतात: दोन पिढ्यांत चौथा हिस्साच उरतो, बाकीच्या जोड्या एकसारख्या होतात आणि दोष उघडे पडतात. तुमची पांढरी रोपे त्याचीच खूण आहे. हरितद्रव्य न बनवणारे जनुक छुपेपणाने बाळगणाऱ्या कांद्याच्या स्वपरागित बियांतून सरासरी चारात एक रोप पांढरे निघते आणि बीतला साठा संपला की मरते.

तरीही आधी उळे जुने नाही ना, हे पाहा. साध्या साठवणीत कांद्याच्या बियांची उगवण वर्षभरातच घसरते. ओल्या कागदावर १०० बिया ठेवून बाराव्या दिवशी मोजा. ७० च्या खाली उगवल्या तर बी मुळातच कमकुवत. पण उगवण ठीक आणि रोप मात्र खुजे, तर दोष वंशाचा.

हे उळे आणखी पुढे चालवू नका. त्याचे कांदे ठेवायचेच असतील तर त्याच वाणाच्या, पण दुसऱ्या शेतकऱ्याकडच्या कांद्यांसोबत मिसळून लावा. नात्यात नसलेल्या झाडांशी संकर झाला की जोम एका पिढीत बराचसा परततो. संकरित वाणाचे कांदे मात्र यात घेऊ नका, पुढची पिढी फुटून नाना तऱ्हेची निघेल. १२ च कांदे असले की पुढची झाडे लवकरच एकमेकांच्या नात्यातली होतात, म्हणून कांदे किमान २०० घ्या, तेही वावराच्या वेगवेगळ्या भागांतून. जोडकांदे आणि डेंगळे (वेळेआधी फुलाचा दांडा) आलेले बाजूला काढा. मच्छरदाणी काढा आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. परका पराग टाळण्यासाठी खरा उपाय अंतराचा: प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बियाणे करतात त्याला) १००० मीटर. एवढे अंतर कुणाच्या वावरात असते? त्यापेक्षा शिवारातल्या सगळ्यांनी एकच वाण डोंगळ्याला लावणे सोपे.

आता गहू. त्याचे परागकोश फूल नीट उघडायच्या आतच फुटतात, परपराग क्वचितच होतो. त्याच्या पूर्वजांत जी सदोष जनुके होती ती उघडी पडत गेली आणि ती बाळगणारी झाडे कधीच मेली. त्यातही जीवघेणे दोष लवकर गाळले जातात. थोडी थोडी हानी करणारी असंख्य जनुके मात्र चिवटपणे टिकतात, म्हणून कांदा दहा पिढ्या कोंडून त्याचा गहू होईल असे समजू नका.

प्रश्न: स्वपराग इतका घातक, तर निसर्गात इतकी झाडे तिकडे का वळली?

उत्तर: कारण हिशेब त्याच्या बाजूने आहे. परपरागी झाड आपल्या जनुकांची एक प्रत स्वतःच्या बीमधून देते आणि एक परागातून दुसऱ्याच्या बीमध्ये, एकूण २. स्वपरागी झाड स्वतःच्या बीत दोन्ही प्रती ठेवते, शिवाय पराग बाहेर गेला तर तिसरी. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकी अभ्यासक रोनाल्ड फिशर यांनी १९४१ साली दाखवलेला हा ३ विरुद्ध २ चा फायदा. तो रद्द व्हायला स्वपरागित संतती निम्म्याहूनही दुबळी निघावी लागते. कीटक दुर्मीळ असले की पारडे आणखी झुकते. टोमॅटोचेच पाहा: दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या कित्येक रानटी नातलगांची कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते, लागवडीतल्या बहुतेक वाणांची आतच राहते.

प्रश्न: भोपळ्याचे बी एकाच वेलावर हाताने परागीकरण करून धरले तर कांद्यासारखेच होईल का?

उत्तर: सहसा नाही. भोपळावर्गीय पिके थोडक्या वेलांवरही बराच काळ तग धरतात. तरी पाच-सहा वेल ठेवाच. लाल भोपळ्याची उद्या उमलणारी नर-मादी फुले आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा आणि सकाळी नऊच्या आत पराग लावा. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, म्हणून ते दुपारीच बांधावे लागते. पराग लावून झाल्यावर मादी फूल पुन्हा बांधा, नाहीतर माशी परका पराग आणतेच.